मुका खांब

झुलेखाभाभी म्हणाल्या, सुई अशी धरा, पेन्सिलसारखी.
मी धरली टूलपोस्टची चावी धरावी तशी.
एकतीस वर्षं लेथवर गेलेला हात,
त्याला हळू धरणं माहीत नाही.

सुई मात्र माझीच, घरची.
रविवार पेठेत दहाची मिळेना.
दुकानदार म्हणाला, एवढं जाड पुण्यात कोण विणतंय,
थंडी असते किती? पंधरा दिवस.
त्यातले आठ दिवस लोक म्हणतात, यंदा थंडीच नाही.
मग हडपसरच्या इस्टेटीत, जुन्या शॉपवर गेलो.
दत्तू पोकळेने मशीन दिलं पाच मिनिटं
आणि विचारलं नाही कशाला.
ॲल्युमिनियमचा रॉड, दहा मिलिमीटर.
टोकाला आकडा काढला, पॉलिश पेपर मारला,
गालावर फिरवून पाहिला.

लोकर विटकरी, तीन पदर एकत्र.
चार साखळ्या, जोडून घ्या. झालं गोल.
आता त्या घरात बारा खांब.
खांब, अर्धा खांब, मुका खांब.
मुका का? मी विचारलं.
बुटका असतो, बोलत नाही. तुम्ही टाके मोजा.

कुंदाचं डोकं मी ती झोपेत असताना मोजलं.
आधी व्हर्नियर घेऊन उभा होतो, खरंच,
मग लाज वाटली. स्वयंपाकघरातून सुतळी आणली.
कपाळावरून, कानावरून,
मागे उशीने चपट्या झालेल्या केसांवरून.
गाठ मारली. चोपन्न सेंटिमीटर.
बांगडीचं माप पाठ होतं, चपलेचं होतं.
हे छत्तीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

पहिली टोपी झाली पाटीएवढी.
पपईला घालून पाहिली, पपईच दिसेना.
भाभी म्हणाल्या, उसवा.
मी थांबलो.
शॉपवर कट गेला की गेला.
जॉबवरून निघालेली निळी वेटोळी
परत जॉबला चिकटत नाहीत,
आणि चुकलेला माल लाल रंग फासून कोपऱ्यात जातो,
येताजाता सगळे बघतात कुणाचा.
इथे टोक ओढलं
तर फेरीमागून फेरी सुटत गेली,
खांब खाली बसले, मुके सुद्धा, निमूट,
आणि मांडीवर तीच लोकर, तेवढीच,
फक्त जरा कुरळी,
वेणी सोडल्यावर केस असतात तशी.

तीनदा उसवली.
तिसऱ्यांदा गरज नव्हती.

ती पाच वीसला निघते. इस्पितळात आया, सकाळची पाळी.
गाडीतळापर्यंत चालत. डिसेंबरात
कालव्यावरचा गारठा बरोबर कानाच्या उंचीने येतो.
ती पदर कानावरून घेते, टोक दातात धरते.

टोपी दिली तेव्हा आधी उलटी करून पाहिली,
ब्लाउजची शिलाई बघतात तशी.
कुणी केली?
भाभींनी, मी म्हटलं.
तिने माझ्या तर्जनीकडे पाहिलं,
धाग्याने पडलेल्या लाल रेघेकडे.
जड आहे, म्हणाली. आणि घातली.
संध्याकाळी परत आली तेव्हा टोपीला फिनेलचा वास होता.

सातव्या फेरीत एक खांब कमी आहे,
डाव्या कानाच्या वर. करंगळी फिरवली तर कळतं.
गेजमध्ये बसला नसता.
पण इन्स्पेक्शनला मीच होतो,
पास केला.

आज पहाटे गॅलरीत चहा घेऊन उभा होतो.
विटकरी ठिपका गल्लीच्या वळणापर्यंत गेला,
समोरून पानसऱ्यांची सून येत होती दुधाच्या पिशव्या घेऊन.
रोज नुसती मान हलवतात दोघी.
आज कुंदाने तिला हाक मारली,
एवढ्या मोठ्याने
की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.