तेविसावा टाका

मंगळवार पेठेतल्या माझ्या माडीवर
धापा टाकत आलीस, आणि चप्पल काढायच्या आधी विचारलंस,
"मावशी, शिकायला कुठली घेऊ?"

बस, संपदा.
चहा होईस्तोवर सगळ्यांना हात लावून घे.
मशीन डोळ्यांनी निवडायची नसते.
चाक आपल्याकडं फिरवायचं, अर्धा फेरा,
आणि कान द्यायचा.
कुरकुरली तर तेल मागते,
खडखडली तर मिस्त्री.
काहीच बोलली नाही
तर विकणाऱ्याचं तोंड बघायचं.

ही पांढरी, प्लॅस्टिकच्या अंगाची.
बटण दाबलं की दिवा लागतो, काज होतं.
जीन्सचे चार पदर दिलेस तर रुसून बसेल,
पण चुकलीस तर बोट वाचवते.
पहिल्या वर्षाला एवढा गुण पुष्कळ झाला.

ही पायमशीन माझी पहिली.
चौऱ्याऐंशी साली, लक्ष्मीपुरीतनं, महिना साठ रुपये हप्ता.
सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात दोन बकरी आली असती."
आली असती की.
त्यांचा रस्सा होऊनही चाळीस वर्षं झाली असती.

ती कोपऱ्यातली जर्मन, तिला ढकलू नकोस, हलायची नाही.
गंगावेशीतल्या पोरांचे लंगोट तिच्यावर शिवते,
मांजरपाटाचे सहा पदर असे खाते
जसा पैलवान थंडाई पितो.

गरज दोनवर संपली होती.
तिसरीपासनं नाद.
भंगारवाला अन्वर फोन करतो,
"भाभी, काळी आलीया, सोनेरी वेलबुट्टीची, किलोवर देऊ काय?"
किलोवर!
मी गॅस बंद करते आणि रिक्षा धरते.
ह्यांनी एकदा मोजल्या, अकरा,
आणि आपली खाट गॅलरीत नेली.
भांडले नाहीत. नुसती खाट नेली.

आता ही. हिला हळू.
सगळ्यांत म्हातारी, हातानं फिरवायची,
अंगावर बाईच्या तोंडाचा सिंह, सोनं निम्मं उडालेलं.
कागलच्या एका शिंप्याच्या माळ्यावरनं आणली
तेव्हा पोटात शटल नव्हतं.
होडीसारखं असतं ते, बोटभर.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीला वहीवर काढून दाखवलं.
पंपांचे शाफ्ट कातणारा माणूस तो,
म्हणाला, "आक्का, एवढ्याशा कामानं नजर मोडंल की."
तीन महिन्यांनी रुमालात गुंडाळून घेऊन आला.
पैसे घेतले नाहीत.
लेकाच्या लग्नाचा सदरा शिवून दे म्हणाला.

ह्याच मशिनीवर शिवला.
बाहीला आले तेव्हा ध्यानात आलं,
शटल केसभर जाड झालंय,
दर तेविसावा टाका सुटतो.
मोजलाय मी, दोरा संपेपर्यंत.
दस्तगीरला सांगितलं नाही.
आता सांगायला तो नाही.
त्याचा इर्शाद ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो,
कधी कधी तोच सदरा घालून, पोटाशी ताणलेला,
आणि खांद्यावरचा सुटलेला टाका
मला जिन्याच्या तोंडावरनंच दिसतो.

तू म्हणतेस, हल्ली मोबाईलवर सगळे पार्ट मिळतात.
मिळतात, पोरी.
ते बघ, बटणांच्या डब्याखाली
चॉकलेटी कागदात, अस्सल, कंपनीचं.
दोन वर्षं झाली मागवून.
बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत.

चहा निवला तुझा.
ती पांढरी घेऊन जा. पैशाचं बघू दिवाळीनंतर.
आधी जुन्या चादरीवर सरळ रेघा मार, शंभर,
त्यातल्या नव्वद वाकड्या येतील, त्या फेकू नकोस,
मला आणून दाखव.
आणि काखेत धरू नको, खालनं दोन्ही हात लाव.
जिन्यातला दिवा गेलाय,
तिसरी पायरी उंच आहे.