कोठी नंबर सहा

सावद्याच्या शिवारात केळी पिकवायच्या बारा कोठ्या.
सहावीची किल्ली माझ्याकडे.
नाव सुपडू झोपे,
आणि तीन वर्षं झाली, नीट झोपलेलो नाही.

तापमान अठरा. दमटपणा नव्वद.
चोवीस तास वायू, मग दार अर्धवट उघडायचं,
मग थांबायचं. चौथ्या दिवशी हिरवं पिवळं होतं.
एवढं कंपनीने शिकवलं.
पुढचं समाधान कार्यालयाने.

रात्री दोनला दीपनगरकडून ट्रक येतो,
ताडपत्रीवर राखेचा थर.
केळीची गाडी मी आवाजावरून ओळखतो,
पाटे किती दबलेत, वळणावर कशी कलते.
ही तशी कलत नाही.
आणि केळी खोकत नाहीत.

रजिस्टर मीच लिहितो, अक्षर चांगलं म्हणून.
आवक: बावीस, कच्चे.
जावक: एकवीस, पक्के.
वाया: एक.
पक्के झालेले सकाळच्या उजेडात डोळे बारीक करून
एका सुरात कबूल होतात,
हतनूरचं पाणी आपणच चोरलं इथपासून
आपलं गाव नकाशात कधी नव्हतंच इथपर्यंत.

'का' म्हणायला आता परवाना लागतो.
अर्ज यावलला मिळतो, गुलाबी, तीन प्रतींत;
कारण लिहायला त्यात जागा नाही.
तपासनीस सगळे बाहेरचे.
त्यांनी 'का' खोडला, 'कशाला' खोडला,
'कशापायी'सुद्धा शोधून काढला.
आमच्या बोलीत मात्र कोणी वाकून पाहिलं नाही.
ती केळीच्या सोपटासारखी, गुरांपुढे टाकायची.

मार्गशीर्षात कुसुम फिरके आल्या.
निंभोऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या.
गाव पुसलं गेलं तेव्हा
त्यांनी ते फळ्यावर पुन्हा काढलं, नदीसकट.
तिसऱ्या दिवशी मी झरोक्याची झडप तपासत होतो.
आतून आवाज आला, सोललेल्या घशाचा:
"काबरं, रे भाऊ?"

ओरडून नाही.
ताटात भाकरी तशीच राहिली
की माय विचारते, तसं.

मी तापमान लिहिलं. अठरा.
पेन थांबलं.
पुन्हा लिहिलं, अठरा.

चौथ्या दिवशी त्या कच्च्याच निघाल्या.
पाचव्याही.
सहाव्या रात्री मी 'वाया'च्या रकान्यात एक लिहिला,
आणि खराब घडांच्या ढिगाखाली काहीतरी झाकून
एक बैलगाडी सुकी नदीकडे गेली.
गाडीवानाचं नाव इथेही येणार नाही.

मग मी खोक्यांवरचा शिक्का बदलला.
दिल्लीच्या रॅकवर चढणाऱ्या प्रत्येकावर:
माल, केळी. वजन, तेरा किलो. जात, काबरं.
आत, फण्यांच्या मधल्या कागदावर, नावं.
बावीस, बावीस, बावीस.

साहेब आले. शिक्क्यावर बोट ठेवलं.
"ही कुठली जात?"
"इकडचीच, साहेब. जुनी आहे. लवकर पिकत नाही."
त्यांनी टिपून घेतलं.
"चव?"
"तुरट."

काल संध्याकाळी सरकारी रेडिओवर बाजारभाव होते.
श्रीमंती सोळाशे. बसराई चौदाशे.
निवेदिका अडखळली, कागद फडफडल्याचा आवाज आला,
मग स्वच्छ, शुद्ध, प्रमाण उच्चारात:
काबरं.
चौकात शेवभाजीच्या हॉटेलात कढई तापत राहिली,
कोणी शेव टाकेना.
ती पुन्हा म्हणाली, भाव उपलब्ध नाही.
काबरं.
कोपऱ्यातला एक म्हातारा पहिल्यांदा हसला,
मग तोंडावर उपरणं धरून रडला.

आज दोनची गाडी दीडलाच आली आहे.
इंजिन चालू. पाटे उंच, एकही दबलेला नाही.
ताडपत्रीखाली कोणी खोकत नाही.

मी रजिस्टर उघडलंय.
आवक: एक, कच्चा.
अक्षर चांगलं आलंय.