डिझेलची वही

गाडी सिस्टर क्लोटिल्डांच्या कॉन्व्हेंटची,
लायसन आमच्या मिशन चर्चच्या याकोबचं,
आणि डिझेल पास्टर ओहोळांच्या पत्र्याच्या सभेचं,
जिथे रविवारी बारा माणसं असतात आणि एक ढोलकी.
वही माझी.
दवाखान्यात चौतीस वर्षं पुड्या बांधल्या,
हात अजून सरळ रेघ मारतो, म्हणून वही माझी.

आधी असं नव्हतं.
कॉन्व्हेंटच्या शेडमध्ये गाडी नुसती उभी,
मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची.
याकोब लायसन खिशात ठेवून
बायकोबरोबर कोळंबी सोलत बसायचा.
आणि पास्टर बिस्किटाच्या डब्यात नोटा साठवून
गाडी मिळावी म्हणून उपास धरायचे.
तिघांतलं अंतर मी पावलांनी मोजलंय.
इगर्जीपासून सभेपर्यंत चारशेबारा.
मध्ये आमची घंटा, बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी,
सुकत घातलेला बांगडा
आणि आजोबांच्या वेळचा अबोला.

तांडेलांची मालू बाळंतपणात अडली
तेव्हा भरती होती, रात्र होती.
रिक्षा आरोंद्याच्या पुलापर्यंतही पोचली नाही.
तिच्यासाठी तिन्हीकडे प्रार्थना झाली.
वेगवेगळी.
अगदी वेळेवर.

तिच्या बाराव्याला आम्ही मांडवाच्या कडेला उभे होतो,
तीन कोपऱ्यांत तिघे.
मालूची सासू चहा घेऊन आली.
म्हणाली, "तुमच्याकडे गाडी होती मां?"
कोणाकडे बघून म्हणाली, ते अजून ठरलेलं नाही.

मग भांडणं सुरू झाली. म्हणजे बोलणं सुरू झालं.
दारावर नाव कोणाचं? सहा बैठका.
चौथीत पास्टर उठून गेले,
पाचवीत आमचे वडीलजन.
सहावीत रंगारी म्हणाला, माझी उद्या शिरोड्याला वर्दी आहे.
दार तसंच राहिलं, प्रायमरच्या लाल रंगाचं,
खाऱ्या वाऱ्याने कडेकडेनं खाल्लेलं.

मग आरशावरची जपमाळ.
पास्टर तोंडाने काही बोलले नाहीत,
पण पुढच्या सीटवर बसायचे ते खिडकीबाहेर बघत.
सिस्टरनी एका सकाळी ती स्वतःच काढली,
ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली, पाना आणि फ्यूजच्या शेजारी.
कोणी आभार मानले नाहीत.
मी वहीत काही लिहिलं नाही,
त्यासाठी रकाना नव्हता.

बस्त्यांव फर्नांडिसला नेलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.
जन्मभर रापण ओढलेला माणूस,
आता स्वतःचा श्वास ओढता येईना.
सोबतीला पास्टरांची बायको, सुवार्ताबाई,
कारण सिस्टरना स्वतःलाच ताप.
पुलावर तो म्हणाला, "आरशार तेर्स नाय ती?"
याकोब सांगतो, बाई क्षणभर गप्प राहिल्या.
मग हात लांबवून ग्लोव्ह बॉक्स उघडला,
पाना बाजूला केला,
आणि माळ त्याच्या बोटांत गुंडाळून दिली.
त्याला शब्द सुचेनात तेव्हा
आपल्याला येत होतं तेवढं स्तोत्र म्हणाल्या,
तेविसावं, घाईघाईने, शेवट चुकवत.
तो मण्यांवर बोट सरकवत राहिला.
मापुसाच्या अलीकडे बोट थांबलं.

माळ आता आरशावरच असते.
कोणी लावली, मला विचारू नका.
पास्टर अजून खिडकीबाहेर बघतात,
पण ती डुलून खडखडली की हाताने थांबवतात.

बाकी आम्ही एक झालो वगैरे काही नाही.
नाताळची मध्यरात्र ज्याची त्याची.
याकोबला ढोलकी आवडत नाही, सिस्टरना याकोबचे हॉर्न.
गेल्या महिन्याच्या हिशेबात चाळीस रुपये कमी पडले.
मी बोलून गेलो, सहज, बाजारात.
संध्याकाळपर्यंत तिघेही येऊन गेले,
एकमेकांना चुकवून, पाठच्या दाराने,
प्रत्येकाच्या मुठीत चाळीस.
आता ऐंशी जास्त झालेत.
हिशेब काही जुळत नाही.

पुन्हा गेटची कडी वाजतेय.
याकोब अंधारात चप्पल शोधतोय.
मी पेन्सिलला टोक काढतो:
तारीख, वेळ, किलोमीटर.
'कोणाकडून' या रकान्यात
हल्ली मी वरच्यासारखंच म्हणून
दोन टिंबं देतो.