पर्यायी वस्तू

उद्यमबागेत बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडात
आता किराण्याचं गोडाऊन आहे.
पाऊस नसला तरी भिंतींना ओल्या लोखंडाचा वास येतो.
मी रात्रपाळीला पिशव्या भरते.
मनगटावर बांधलेलं यंत्र इंग्रजीत सांगतं,
सुपरवायझर कन्नडात ओरडतो,
मी मराठीत मोजते.

माणसं मला दिसत नाहीत, गल्ल्या दिसतात.
टिळकवाडी : ओट्स, बदाम, हिरवी सफरचंदं.
वडगाव, मागांची गल्ली :
पामतेल, साखर, नूडल्सचा मोठा पुडा,
दहा बिस्किटांवर दोन फुकट,
पुन्हा पामतेल.
शेवंता हणबर, दर सात तारखेला,
मालकानं मजुरी दिली की तासाभरात.

माझी आईपण मागावर होती. साड्यांचे काठ विणायची.
सिव्हिलमध्ये तिच्या पायाचं बोट काढलं तेव्हा
डॉक्टरनं विचारलं, रोज काय खाता?
आई म्हणाली, स्वस्त येतंय ते.

स्वस्त कुठं ठेवतात, मला आता ठाऊक आहे :
पहिल्याच पडद्यावर, लाल पट्टीत, लुकलुकत.
हुलगे आहेत तसे.
अंगठा नऊ वेळा सरकवला की येतात,
घोड्याचं काहीतरी इंग्रजी नाव लावून.
शेवंताबाईंनी काय म्हणून हाक मारायची त्यांना?

एका रात्री नूडल्स संपले.
यंत्रानं विचारलं : पर्यायी वस्तू?
आणि स्वतःच तीन सुचवल्या :
दुसरे नूडल्स, कुरकुरीत काहीतरी, अजून कुरकुरीत काहीतरी.
चौथा चौकोन रिकामा होता.
मी हुलगे लिहिले, अर्धा किलो,
आणि नियमाप्रमाणे फोन लावला.

पलीकडे माग खटाखट.
"कोण बोलूलालंय?"
"गोडाऊनमधनं. नूडल्स नाहीत, हुलगे घालू? स्वस्त पडतात."
"हुलगे?" ती हसली.
"भिजवायचे कवा, बाई? पहाटे चारला नळ, सहाला माग.
आणि शिट्ट्यांचा गॅस तुझा बा भरणार काय?
पोरगं दोन मिन्टात खातंय, शाळेला पळतंय."

अंगणवाडीच्या भिंतीवरचं
लोह आणि प्रथिनांचं वाक्य
माझ्या तोंडात तयार होतं.
ते मी गिळलं.
आमच्या घरातही एकच शेगडी होती.

"मग शेंगदाणे?" मी म्हटलं. "भाजलेले.
शिजवायला नकोत. गुळाचा खडा दिला की झालं."

माग थांबला.
इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा श्वास ऐकू आला.
"कितीला?"
सांगितलं.
"पाव किलो घाल. बिस्किटं तेवढी काढू नको हं."
"नाही काढत."
"पोरगं रडतंय मग."
"नाही काढत, म्हटलं की."

फोन चार मिनिटं चालला.
माझ्या नावापुढं लाल ठिपका पडला,
त्या आठवड्याचे पन्नास रुपये गेले.
शेंगदाण्यांचा पुडा पिशवीत सगळ्यात वर ठेवला,
तेलाखाली चेपू नये म्हणून.

पुढच्या सात तारखेला यादी आली.
पामतेल, होतंच. बिस्किटं, होतीच.
नूडल्स, लहान पुडा.
शेंगदाणे अर्धा किलो.
आणि खाली, जिथं लोक लिहितात
'बेल वाजवू नका, बाळ झोपलंय',
तिथं पोराच्या हातानं टाईप केलेलं :
हुलगे असले तर पाव किलो.
आइतवारी माग बंद असतोय.
सासू माडगं करतो म्हणालीय.

हुलगे रॅक सातच्या तळाशी होते, धूळ खात.
वाकून काढले, वजन केलं,
उरलेला डबा उचलून
कमरेच्या उंचीवर ठेवला, हाताशी.

दुसऱ्या रात्री येऊन बघते तर
कुणीतरी तो परत खाली सरकवलेला.

सरकवू देत.
माझी रात्रपाळी अजून आहे.