कुठली ते दाखवा

सिव्हिलच्या अठ्ठावीस नंबरच्या खोलीत
हत्तरकी मॅडम म्हणाल्या, प्रश्न लिही.
मी लिहिलं : सगळं.
त्यांनी वही स्वतःकडं फिरवली.
'सगळं'ला धरायचं कुठं गं? ह्याला कान नाही, मूठ नाही.
लहान कर.

मला हसू आलं नाही. तेव्हा येतच नव्हतं.
दिवाळीपासून मी भिंतीकडं तोंड करून पडलेली,
विडी घरकुलातल्या आमच्या एका खोलीत,
जिथं कूस बदलली तरी
कुणाच्या ना कुणाच्या पायाला लागतं.
रात्री अर्धी गोळी.
अम्मा ती पानं कापायच्या कात्रीनं तोडायची.

लहान केलं : कॉलेज.
आणखी : अकरावी ब, तिसरा बाक.
आणखी, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत :
गड्ड्याला चौघी गेल्या. पाळण्यातला फोटो स्टेटसला.
मी पाचवी.
आणि का, ते मी विचारलेलं नाही.
एवढं लिहायला तीन बुधवार गेले.

आता उपाय. येडे पण चालतील, मॅडम म्हणाल्या.
कॉलेज सोडणे.
तेजस्विनीला ब्लॉक करणे.
शिरीषाकडून निरोप.
मग एक ओळ मी लिहून खोडली,
आणि खोडलेली त्यांनी वाचली.
आवाज न बदलता विचारलं, हे कधीपासून येतंय मनात?
रस्ता विचारावा तसं.
मी सांगितलं.
त्या दिवशी अम्माला आत बोलावलं.
ती पदराला बोटं पुसत राहिली,
तंबाखूचा पिवळा जात नव्हता.

घरी ती काही बोलली नाही.
शनिवारी माल द्यायला मला सोबत नेलं.
चेकरनं टोपली ढकलली : सगळं खराब.
अम्मा आधी गप्प.
मग म्हणाली, सगळं नसतंय. कुठली ते दाखवा.
त्यानं दाखवल्या. हजारात चौदा.
चौदा तिनं तिथंच मोडल्या,
बाकीच्यांची नोंद करून घेतली.
येताना तेलुगूत काहीतरी म्हणाली, मराठीत ते नीट बसत नाही,
साधारण असं, की तो ओरडतो तेव्हा
मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, विडीकडं बघते.

अम्मा, तुला ही वही कुणी शिकवली?

सोमवार. तिसरा बाक.
तेजस्विनीची बॅग माझ्या जागेवर.
डोक्यात जुनी भुणभुण, जा घरी, भिंत आहे.
मी म्हटलं, गड्ड्याला मला का नाही बोलावलीस बे?
मॅडमसमोर सहा वेळा म्हणून बघितलेलं वाक्य.
त्यात 'बे' नव्हतं.
ती फळ्याकडं बघत राहिली. फळा कोरा होता.
मग म्हणाली, तू फोन उचलत होतीस का?

हा पण प्रश्नच. वहीत नव्हता.

बॅग तिनं मांडीवर घेतली.
'काय झालं'च्या रकान्यात मी लिहिलं : बसले.

गोळी चालू आहे. बुधवार चालू आहेत.
आज रात्री भिंतीला पाठ लावून जागी आहे,
अम्मा दोरा गुंडाळते, मी पंचवीस-पंचवीस मोजून देते,
चुकते,
परत एकपासून.