एकतीसपैकी एकोणतिसावा

हिवाळाभर तळघरात सायकल मारली,
वॉशिंग मशीनकडे तोंड करून.
नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्यातल्या चार रात्री,
एक इंचही पुढे न सरकता.
गोल काचेत गिस्लेनचे इस्पितळातले निळे कपडे
फेसातून वर यायचे, बुडायचे,
आणि मी त्यांना दम भरायचो:
थांबा, चढावर गाठतो तुम्हाला.

आकडे छान येत होते.
आकड्यांना चिखल ठाऊक नसतो.

मेचा तिसरा रविवार. सँ-फ्लाव्हियाँ.
मेपलचा पाक उकळायची खोपटी बंद होऊन महिना झालेला,
तरी जळक्या साखरेचा वास हवेला चिकटून.
स्प्रूसच्या सावलीत बर्फ अजून बसलेला
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा;
निघतो म्हणतो, हलत नाही.

लाउडस्पीकरवर आर्मां. बुधवारी चर्चच्या तळघरात
हाच बिंगोचे आकडे पुकारतो.
"पंचेचाळीस ते चौपन्न, हौशी गट!"
हौशी.
मागे कोणीतरी हसलं. बहुतेक मीच.

सुटलो.
पहिले दोनशे मीटर मी सातवा होतो.
हे लिहून ठेवतो, कारण याला साक्षीदार नाही.

मग चढ.
तळघरात चढ म्हणजे एक बटण.
इथे ओली मुळं, त्यांच्यावरून मागचं चाक
साबणाच्या वडीसारखं निसटतं,
आणि छाती,
मी प्लंबर आहे, छातीतला तो आवाज ओळखतो:
जानेवारीत गोठलेल्या पाइपात
पाणी येतो येतो म्हणतं, येत नाही, तसा.
गिऱ्हाइकांना मी बजावतो,
गोठलेल्या पाइपाला घाई करू नका, फुटेल.
हळूहळू ऊब द्या.
गिऱ्हाइकं ऐकत नाहीत.
मीही ऐकलं नाही.

दुसऱ्या फेरीत बेकरीवाल्या लाकासचा लोईक
मला अख्ख्या एका फेरीनं मागे टाकून गेला. वय सोळा.
जाताना अदबीनं म्हणाला, "डावीकडून येतोय, मस्यू."
चढानं केलं नव्हतं ते त्या 'मस्यू'नं केलं.
हा तीन महिन्यांचा असताना, ऐन नाताळात,
यांचा बॉयलर मी दुरुस्त करून दिला होता.
फुकट.

ओढ्यापाशी साखळी तुटली.
खिशात जोडकडी होती, गेल्या सप्टेंबरपासून तिथेच.
बोटंही होती, पण माझं ऐकणारी नव्हती.
काळ्या माश्या मात्र वेळेवर हजर:
हंगामाची तयारी फक्त त्यांचीच पूर्ण झालेली.
कानामागे, पापणीवर, हेल्मेटच्या पट्ट्याखाली,
जिथे जिथे मी माणूस होतो तिथे तिथे.

काठावर घडीच्या खुर्चीत एक स्वयंसेवक मुलगी,
हातात झेंडी, गुडघे घट्ट जुळवून.
"मागे अजून कोणी आहे? मला झाडीत जायचंय."
आहेत, म्हणालो. दोघं.
तोंडाला आला तो आकडा सांगितला.
ती कण्हली. मी कडी जोडली.

शेवटचा उतार मी ब्रेक न दाबता उतरलो.
धैर्य वगैरे काही नाही,
ब्रेकमध्ये चिखल होता.

"दोनशे सतरा!" आर्मां ओरडला, त्याच बिंगोच्या सुरात,
आणि दोरीपलीकडच्या एका म्हातारीनं सवयीनं
मांडीवर नजर टाकली.

एकतीसपैकी एकोणतिसावा.
म्हणजे मागे खरंच दोघं होते.

रात्री गिस्लेन म्हणाली, मशीनमध्ये टाक,
पण फिल्टर तूच साफ करायचा.
जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिलो:
तपकिरी पाण्यात माझीच जर्सी
वर यायची, बुडायची.
नंतर फिल्टर उघडला.
मूठभर रेती, स्प्रूसच्या सुया,
एक काळी माशी, स्वच्छ धुतलेली.

पुढची शर्यत आठ जूनला आहे.
चढ तिथला म्हणे आणखी वाईट आहे.