काटा

मोंढ्यात चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले.
तुरीचे, हरभऱ्याचे, सराफाचे नाजूक,
मग ते लाल आकडे दाखवणारे.
काटा खोटं बोलायच्या आधी जरासा थरथरतो.
म्हणून बोटाला लावलेल्या या चिमट्याकडं
मी अजून संशयानंच बघतो.

अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. परत अठ्ठ्याऐंशी.
महानंदा वहीत मांडते तारीख, वेळ, आकडा.
वही तीच, दुकानाच्या उधारीची.
मागच्या पानावर हंचनाळच्या बिराजदाराकडं
अजून साडेतीनशे निघतात.

लातूरचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं घट्ट होत चाललीत.
वाळल्या घोसाळ्यासारखी का, मी विचारलं.
ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, साधारण तसंच.
बरं होईल का, हे विचारलं नाही मी.
महिन्याला घट किती धरायची, एवढंच विचारलं.
मोंढ्यातला आडत्यासुद्धा सांगतो घट.
डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

आता मी दहा मीटरचा माणूस.
नळी न्हाणीपर्यंत पोचते, उंबऱ्यापर्यंत नाही.
गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यात ती गुंतते
आणि सोडवताना आधी काय बाजूला करावं
याचा घोळ रोज होतो.

शिमग्यानंतर दोन दिवसांनी डीपी जळाली.
यंत्र ओरडत ओरडत थांबलं,
मग गल्लीतली कुत्री ऐकू आली.
सिलिंडर होता. पाना नव्हता.
माझ्या हत्यारांच्या पेटीला जिनं पस्तीस वर्षांत हात लावला नाही
ती महानंदा मोबाइल दातात धरून
त्याच्या उजेडात पाने चाळत होती, बारा, चौदा, सतरा,
आणि उजवीकडं पिळत होती, जोर लावून.
डावीकडं, डावीकडं, मला म्हणायचं होतं.
शब्दाला लागते तेवढी हवा नव्हती.
बोट फिरवून दाखवलं अंधारात.
तिला ते कसं दिसलं, अजून कळत नाही.

नळेगावच्या पुढं अँब्युलन्समधल्या पोरानं विचारलं,
आजोबांचं वजन?
"बासष्ट," ती म्हणाली.
बासष्ट मी होतो शिवलीलाच्या लग्नात.
मास्कच्या आतून मान हलवली,
चार बोटं दाखवली, मग सात.
जन्मात कुणाला चुकीचं वजन सांगू दिलं नव्हतं.
ती माझ्या बोटांकडं बघत राहिली.
पोरानं खोडून लिहिलं.

अकरा दिवस वहीत कोरे आहेत.

काल अत्तरवाल्या खाजामियांनी त्यांचा तोळ्याचा काटा आणून दिला.
बघा, जमलं तर, म्हणाले, आणि बसलेसुद्धा नाहीत.
सुई स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा, ही जुनी सवय.
फुंकरीनं हलते ती.
आता रोखता येत नाही, रोखला की चिमटा ओरडतो.
महानंदाला समोर बसवलं.
मी भिंतीकडं तोंड करतो, तू बघ, म्हणालो,
आणि दम धर.

तिनं धरला.
मी भिंतीकडं बघत माझा ओढत होतो.
"आली का मधी?"
तिनं उत्तर दिलं नाही, कसं देणार,
नुसतं माझं बोट दाबलं,
चिमटा असलेलं.